'गोष्टीचं पुस्तक' म्हणावं की 'काल्पनिक पुस्तक'?

चाळीसगाव तालुक्यात दुसरीला शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी पोळा, आखाजी (खानदेशातली अक्षय्य तृतीया), दिवाळी अशा सणांवरची चित्रपुस्तकं जमवली आहेत आणि त्यांतून मुलांना फिक्शन-नॉनफिक्शनमधला, म्हणजे कल्पनेनं रचलेल्या आणि माहिती देणाऱ्या पुस्तकांतला, फरक दाखवायचा आहे. 'ललित' आणि 'ललितेतर' हे शब्द वापरून पाहिले, तर मुलं नुसती बघत बसली. मग म्हणावं काय?

ताई, ही जोडी सोडून द्या. ती अवघड आहे हे खरंच, पण इथे ती चुकीचीही आहे. अंगणातल्या कडुनिंबावर कुणी स्वतःच्या आठवणी लिहिल्या, तर त्यात रचलेलं काही नसतं, तरी आपण त्याला ललित लेखच म्हणतो. 'ललित' हा शब्द सांगण्याच्या ढंगाबद्दल बोलतो. घडलं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'काल्पनिक'चीही अडचण आहे. हीच मुलं पुढे भूगोलात विषुववृत्त ही काल्पनिक रेषा आहे असं शिकतील, आणि ते पुस्तक तर माहितीचं!

'खरं पुस्तक' आणि 'खोटं पुस्तक' हे तर मुळीच नको. खोटं बोललं की घरी रागावतात, एवढं सहा वर्षांच्या पोराला पक्कं ठाऊक असतं. माझ्या भाच्याला मी पोळ्याची दोन पुस्तकं दिली होती. एकात बैल धन्याला म्हणतो, "आज मला पुरणपोळी हवी." दुसऱ्यात खांदेमळणी, शिंगं रंगवणं, झूल, गोंडे, सगळं क्रमानं. पहिलं पुस्तक खोटं का, असं विचारल्यावर तो चिडलाच. "बैल बोलत नाही, पण पुरणपोळी तर खातो ना! आपल्या बैलानं खाल्ली." त्याचं बरोबर होतं, माझा प्रश्न चुकला होता. त्या पुस्तकात कुणी कुणाला फसवत नव्हतं.

हा भेद आपल्याकडे जुना आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'आख्यायिकोपलब्धार्था' आणि 'प्रबन्धकल्पना कथा' असं आहे. म्हणजे ठाऊक असलेल्या विषयावरची ती आख्यायिका आणि कल्पनेनं रचलेली ती कथा. संस्कृत लेखक बाणभट्टानं दोन्ही लिहिल्या: हर्ष राजावरची 'हर्षचरित' ही आख्यायिका, 'कादंबरी' ही कथा. त्या कथेच्या नावावरूनच मराठीनं एका अख्ख्या साहित्यप्रकाराला कादंबरी म्हटलं. आख्यायिकेचं मात्र उलटं झालं. आज आख्यायिका म्हणजे ऐकीव, खात्री नसलेली हकिकत, म्हणून तो शब्द आता या कामाचा उरला नाही.

माझं उत्तर साधं आहे: 'गोष्टीचं पुस्तक' आणि 'माहितीचं पुस्तक'. 'नॉन' लावून नकारानं नाव ठेवायची मराठीला गरज नाही. फक्त एक सांभाळा. 'गोष्ट' म्हणजे नुसती बाबसुद्धा. "ही गोष्ट खरी आहे" असं आपण म्हणतोच, आणि अहिराणी बोलणाऱ्या घरातलं मूल "हाई खरी गोट शे का?" असं विचारील. म्हणून नुसतं 'गोष्ट' न म्हणता 'गोष्टीचं पुस्तक' असं पूर्ण म्हणा.

ओळखायला शिकवताना चित्रांपेक्षा क्रियापदांवर भर द्या. फोटो लावलेली गोष्ट असते आणि रंगीत चित्रांची माहितीही असते. पण दोन्ही पुस्तकांतलं एकेक पान मोठ्यानं वाचा. 'बैल म्हणाला, धनी हसला, पोरगी धावली' हे एकदाच, कुणा एकाच्या बाबतीत घडलेलं. 'शिंगं रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी चारतात' हे दर श्रावण अमावास्येला, साऱ्या गावात. म्हणाला आणि म्हणतात यांतला फरक मुलांच्या कानाला लगेच कळतो. व्याकरणाचं नावही काढावं लागत नाही. इतिहासाची पुस्तकं 'होता-गेला'तच बोलतात, पण दुसरीच्या वर्गात ती गुंतागुंत नको.

आखाजीचं पुस्तक कुठे ठेवायचं, हेही तुम्ही विचारलंय. त्यात लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, ही माहिती आहे, आणि मध्येच गौराई माहेरी आल्याचंही आहे. ते पान गोष्टीत टाकलं, तर ज्या घरी गौराई बसते त्या मुलीला काय वाटेल? आपल्याकडे याला वेगळा शब्द आहेच: कहाणी. 'आटपाट नगर होतं'नं सुरू होऊन 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' इथे थांबणारी, ऐकणाऱ्यानं हातात अक्षता धरून ऐकायची. तिला खरंखोटं विचारायची घाई सातव्या वर्षी नको. मी तिसरा गठ्ठा करीन आणि त्यावर 'कहाण्या' एवढंच लिहीन.