वहीत कोयनेचीही ओळ लिहा

प्रश्न : मी उमरग्याचा निवृत्त शिक्षक. 1993 साली अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी गेलं. तेव्हापासून भूकंपांची वही ठेवतो : तारीख, तिथी, ग्रहांच्या राशी. जबलपूर 1997 बुद्धपौर्णिमेला, भूज 2001 पौष अमावास्येनंतर, सुमात्रा 2004 दत्तजयंतीला. ताई, यावरून पुढचा भूकंप सांगता येईल का?

उत्तर : गुरुजी, माझं गाव पाटण तालुक्यात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपात, आईनं मला गोधडीसकट अंगणात ओढून आणलं. मिट्ट काळोख होता, चंद्र केव्हाच मावळलेला. अमावास्या होऊन नऊ दिवस झाले होते, पौर्णिमा अजून पाच-सहा दिवस लांब. तुमच्या यादीत कोयना नाही. 25 एप्रिल 2015 चा नेपाळही नाही; तो अष्टमीच्या सुमाराचा.

चंद्राचा संबंध अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं तेव्हा जमिनीवरचा ताणही किंचित बदलतो. अतिप्रचंड भूकंप असा ताण जास्त असताना होण्याकडे थोडा कल दिसतो, असं टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये मांडलं. सुमात्रा त्यांच्याही अभ्यासात आहे. पण भूकंपात मोकळा होणारा ताण या ताणाच्या शेकडो पट असतो. जो खडक तुटायलाच आलाय, त्यालाच हा धक्का पुरेल, आणि तसा खडक कुठे आहे हे पंचांगात सापडत नाही. ग्रहांचे रकाने तर सोडूनच द्या. शुक्र अगदी जवळ आला तरी त्याची ओढ चंद्राच्या भरती-ओढीच्या दहा हजाराव्या हिश्शाहून कमी भरते.

आता हिशेब. भूज द्वितीयेला झाला, तरी तुम्ही तो धरलात. म्हणजे अलीकडे-पलीकडे दोन दिवसांची सूट घेतलीत. अमावास्या, पौर्णिमा आणि दोन्हींच्या आसपासच्या दोन-दोन तिथी मिळून तीसांपैकी दहा होतात. चंद्राचा काही संबंध नसता तरी दर तीन भूकंपांतला एक तुमच्या बाजूनं पडलाच असता. म्हणून आठवणीतले नकोत, राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नोंदींतले 5 च्या वरचे सगळे घ्या. मोठ्या भूकंपानंतर महिनोन् महिने बसणारे हादरे मात्र वगळा, नाहीतर एकच भूकंप अनेकदा मोजला जाईल. निम्म्या वर्षांवरून नियम बांधा आणि उरलेल्या निम्म्यांवर तो तपासा. भाकीत करायचंच तर जागा, तारखा आणि तीव्रता आधी लिहून ठेवा. ‘या पंधरवड्यात जगात कुठेतरी 6 चा’ हे भाकीत नव्हे. तसे भूकंप वर्षाला शंभराहून जास्त होतात.

कोयनेसाठी एक रकाना नक्की वाढवा : शिवसागराची, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाची, पाणीपातळी. 1962 पासून धरण भरू लागलं आणि तिथले हादरे वाढले. पावसाळ्यानंतर जलाशय तुडुंब असताना आणि पुढे पाणी उतरताना ते जास्त दिसतात. तिथीपेक्षा हा धागा मला कितीतरी पक्का वाटतो, कारण पाण्याचं ओझं आणि भेगांत मुरणारं पाणी, दोन्ही नेमक्या त्याच खडकावर काम करतात.

मोजून झालं की आकडे कळवा. एक-तृतीयांशाहून बरेच जास्त निघाले, तर वही घेऊन या; आपण दोघं पहिल्या पानापासून पुन्हा मोजू.