कोपर दुखतंय? आधी बादल्या बंद

भाऊ, कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दाबलं की दुखतं, मूठ आवळली की कळ येते, म्हणजे बहुधा टेनिस एल्बो. रॅकेट कधी धरली नसली तरी. नागपूरच्या उन्हाळ्यात बादल्यांनी कूलर भरून ते बळावतं. पाइप लावा.

हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरा. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला, मग दुसरा हात काढून ४ सेकंदांत सावकाश खाली सोडा. १५ वेळा, ३ फेऱ्या, रोज. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही ठणकलं तर पाणी कमी करा. ६ ते १२ आठवडे लागतात, लोक दहाव्या दिवशीच सोडतात! स्टेरॉइडच्या इंजेक्शनने लवकर आराम पडतो, पण दुखणं परतायची शक्यता वाढते. करंगळीला मुंग्या येत असतील तर नस दबली असू शकते, डॉक्टरांना दाखवा.