वाचकांचे प्रश्न : फोन बोलतो, मग अक्षरं कशाला?

प्रश्न : आमच्याकडे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकाही फोनवर बोलून मेसेज पाठवतात. मग तंत्रज्ञानाला साक्षरता लागतेच, हे खरं का?

उत्तर : पसरायला लागत नाही; पण फोनचा आवाज गप्पांपुरता पुरतो. पैसा किंवा जमीन मध्ये आली की गाडी पुन्हा अक्षर-आकड्यांवर येते. अंगठा लावून पैसे काढणाऱ्या बाईचंच बघा. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र अंगठा घेत नाही. 'परत लावा' म्हटलं की ती लावते. पहिला व्यवहार खरंच फसला होता, का पैसे खात्यातून गेले होते, हे पावतीवरच कळतं. तेव्हा दर वेळी पावती मागायची आणि रक्कम स्वतः वाचायची. एवढ्याला ० ते ९ आकडे पुरतात. यूपीआयचंही तसंच : पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही.

प्रश्न : मराठी शाळेत शिकलेल्यांना जमिनीचा कन्नड उतारा वाचता येत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर केलं तर भागेल का?

उत्तर : अर्धंमुर्धं. जनगणनेत सात वर्षांवरच्या ज्याला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं तो साक्षर. २०११ मध्ये देशात असे शंभरात ७३ होते. सीमाभागातला मराठी शिकलेला माणूस त्यात मोजला जातो, आणि उताऱ्यापुढे अडाणी ठरतो!

फोटो घेताना कागदाची घडी मोडा, सावली पडू देऊ नका, अख्खं पान न घेता एकेक रकाना घ्या. तरी नावांत घोळ होतो : 'होसूर' म्हणजे नवं गाव, आणि ॲप कधी तेच छापून मोकळं होतं. क्षेत्राची चूक मात्र वाचणाऱ्याची. उताऱ्यावरचे २.२० म्हणजे सव्वादोन एकराच्या आसपास नव्हे. ते २ एकर २० गुंठे. एकराला ४० गुंठे, म्हणजे जमीन अडीच एकर.

त्यापेक्षा कन्नड लिपी शिकावी, असं आमचं मत. क, ख, ग, घ हा क्रम तोच. ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन. जोडाक्षरात आपण पहिलं अक्षर अर्धं करतो. तिथे पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं खाली लटकतं. 'अप्पा'त दुसरा प पहिल्याच्या पायाशी सापडेल. रफारही डोक्यावर नसतो, बहुधा अक्षराच्या उजवीकडे बसतो. नवशिक्या अडतो तो इथेच.

मग उताऱ्याच्या रकाना ९ मध्ये मालकाचं नाव बघा आणि ११ मध्ये हक्क व बोजा. तिथले 'हक्कु' आणि 'ऋण' हे शब्द वाचता आले की अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. कर्ज फिटलं तरी बोजा दिसत असेल, तर बँकेचा ना-देय दाखला जोडून नोंद कमी करायचा अर्ज द्या.