‘द’ नेमका कुठे लावायचा?

प्रश्न: मी इंग्लिशमध्ये प्रबंध लिहितेय. गाइड सरांनी पहिला चाप्टर परत दिला, पानं लालेलाल आणि खाली फक्त ‘ग्रामर बघा’. शाळेपासून ग्रामरच करतोय की आपण, मग चुकतंय कुठे? आणि ते अ आणि द कधी लावायचे हे तर मला आजवर कळलेलं नाहीये.

उत्तर: ‘ग्रामर बघा’ म्हणजे नक्की काय बघा हे सरांनी सांगायला हवं होतं, असो. तुमची दोन पानं वाचली, चुका तीन-चार प्रकारच्याच आहेत, त्याच परत परत आल्यात म्हणून पान लाल दिसतंय.

हे तुमचं वाक्य बघा, ‘ऑल्दो द सॅम्पल वॉज स्मॉल, बट द रिझल्ट्स वेअर क्लिअर’. हे आपलं जरी-तरी आहे! मराठीत जोडी लागते, इंग्लिशमध्ये ऑल्दो आलं की बट नको, दोन्हीतलं एकच ठेवा. ‘फ्रॉम लास्ट टू इयर्स आय ॲम वर्किंग’ पण तसंच, डोक्यात ‘दोन वर्षांपासून करतेय’ चालू असतं, तिथे ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स’ हवं.

आता अ आणि द. मराठीत हा प्रकारच नाही त्यामुळे राहिला तरी कानाला खटकत नाही, म्हणून तिथे कानावर विसंबू नका. मोजता येणारं एकवचनी नाम सहसा उघडं राहत नाही, त्याच्या आधी अ, द, माय, धिस असं काहीतरी लागतंच. पहिल्यांदा सांगताना ‘अ सर्व्हे’, पुढच्या वाक्यात तोच सर्व्हे आला की ‘द सर्व्हे’. सगळ्याच शिक्षकांबद्दल बोलायचं तर नुसतं ‘टीचर्स’, तिथे तुम्ही द घातलाय तो काढा. अ की ॲन हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरतं: अ युनिव्हर्सिटी पण ॲन अवर.

इन्फर्मेशन्स, एव्हिडन्सेस, इक्विपमेंट्स यांचे एस काढून टाका. ‘मेनी रिसर्चेस’ला ‘मेनी स्टडीज’ करा. डेटा इज की डेटा आर यावर लोक भांडत असतात, दोन्ही चालतं, फक्त शेवटपर्यंत एकच ठेवा.

आणि ‘द इम्पॅक्ट ऑफ मोबाइल फोन्स ऑन स्टुडंट्स आर’ असं लिहिलंय ना, तिथे ऑफपासून स्टुडंट्सपर्यंत बोटाने झाका. उरला इम्पॅक्ट, तो एकटाच, मग आर कसं येईल? हे झाकून बघणं प्रत्येक लांब वाक्याला करा, आणि फाइलमध्ये ऑल्दो सर्च करून त्याच वाक्यात बट आहे का तेवढं आजच बघून घ्या.