वाचकांचे प्रश्न: सर्टिफिकेट बरोबर, पत्ता जुना

प्रश्न: गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची साइट मी सांभाळतो, पगारी माणूस कोणी नाही, हौसेने करतो. मार्चमध्ये पैसे वाचवायला साइट पैसेवाल्या होस्टिंगवरून फुकटच्या होस्टिंगवर आणली आणि लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा ब्राउजरसाठीचा दाखला) डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, टीएक्सटी रेकॉर्ड (साधी मजकुराची नोंद) टाकून हाताने काढलं. तीन महिने चालली, फक्त काही सभासद म्हणायचे की नवीन पुस्तकांची यादी दिसत नाही, मी म्हणायचो रिफ्रेश करा. जूनमध्ये सगळीकडे 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' यायला लागलं. सर्टिफिकेट परत काढलं, घरी वायफायवर उघडायला लागली पण मोबाइल डेटावर एरर तसाच, म्हणून दोन दिवसांत एकूण पाच वेळा काढलं, सहाव्यांदा 'टू मेनी सर्टिफिकेट्स' म्हणून नकार आला. ऑटो रिन्यू चालू केलं तर ते पण फेल. जुन्या होस्टिंगची मुदतही जूनमध्येच संपली, त्याचा काही संबंध असेल का? दोन स्क्रीनशॉट जोडलेत. निम्मे सभासद साठीच्या पुढचे आहेत, त्यांना ग्रुपवर सध्या 'अॅडव्हान्स्ड दाबून पुढे जा' असा मेसेज टाकलाय.
(सातारा जिल्ह्यातून एक वाचक)

उत्तर: संबंध आहे, आणि खरं सांगायचं तर उत्तर तुमच्याच पत्रात आहे, ते 'नवीन यादी दिसत नाही' वालं वाक्य. पण आधी एक करा, सहाव्या सर्टिफिकेटच्या मागे लागू नका. नेमक्या त्याच नावांसाठी लेट्स एन्क्रिप्ट 7 दिवसांत 5 च सर्टिफिकेटं देतं, मग साधारण 34 तासांनी एकेक जागा मोकळी होते, जुनं रद्द केलं तरी मोजणी कमी होत नाही. आणि तुम्हाला सहावं लागतच नाहीये, पाचवं नीट बसलंय, म्हणून तर वायफायवर साइट उघडतेय.

आता ते दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवून बघा. लॅपटॉपवरचा पहिल्या दिवसाचा आहे, त्यात खाली बारीक अक्षरात सर्ट डेट इनव्हॅलिड असं आहे, म्हणजे मुदत संपली, ते बरोबरच, लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं आणि मार्चचं जूनमध्ये संपणारच. मोबाइलवरच्यात मात्र सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड आहे. हा वेगळाच आजार. याचा अर्थ समोरच्या सर्व्हरने जे सर्टिफिकेट दाखवलं त्यावर तुमच्या साइटचं नावच नाही. एकाच साइटला एकाच आठवड्यात दोन वेगळे एरर येतात तेव्हा बहुतेक वेळा लोक दोन वेगळ्या सर्व्हरवर जाऊन पोचत असतात.

कसं ते सांगतो. डोमेनच्या डीएनएसमध्ये दोन तऱ्हेचे पत्ते असतात, ए रेकॉर्ड म्हणजे आयपीव्ही4 चा (इंटरनेटवरच्या पत्त्याची जुनी पद्धत) आणि चार ए वाला (AAAA) रेकॉर्ड म्हणजे आयपीव्ही6 चा (नवी पद्धत). साइट हलवताना तुम्ही ए बदललात, चार ए वाला जुन्या होस्टिंगचाच राहिला (सगळ्यांचंच होतं हे, कारण नवीन होस्टिंगवाले 'हा ए रेकॉर्ड टाका' एवढंच सांगतात, जुनं काय काढायचं ते कोणी सांगत नाही). जिओसारख्या मोबाइल नेटवर आयपीव्ही6 चालतं त्यामुळे तिथले सभासद जुन्या सर्व्हरवर जात होते, केबलवाल्याच्या नेटवर बहुतेक आयपीव्ही6 नसतं म्हणून तुमच्या घरी नवीन साइट दिसायची. तीन महिने त्या सभासदांनी मार्चच्या आधीची साइट बघितली, यादी जुनी दिसली यात त्यांची काही चूक नव्हती, त्यांना तेवढं जरूर कळवा. जूनमध्ये जुनं खातं बंद झालं, पण तो सर्व्हर अजून उत्तर देतोय, फक्त आता स्वतःच्या नावाचं सर्टिफिकेट दाखवतोय. म्हणून नाव जुळत नाही.

ऑटो रिन्यूही यामुळेच फेल होतंय. ऑटोमध्ये लेट्स एन्क्रिप्ट तुमच्या साइटवर 80 नंबरच्या पोर्टवर येऊन वेल-नोन नावाच्या फोल्डरमधली एक छोटी फाइल वाचून बघतं, डोमेन खरंच तुमच्या ताब्यात आहे का म्हणून. दोन्ही पत्ते असतील तर ते आधी आयपीव्ही6 वर जातं. कनेक्शनच लागलं नाही तर आयपीव्ही4 वर परत बघतं, पण तुमच्याकडे जुना सर्व्हर जिवंत आहे, तो '404, फाइल नाही' असं चोख उत्तर देतो आणि तपासणी तिथेच नापास. टीएक्सटीच्या पद्धतीत साइटवर यायची गरज नसते, नुसतं डीएनएस बघतात, म्हणून हाताने काढलेलं दर वेळी मिळत गेलं आणि खरा घोळ झाकलेला राहिला.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये nslookup -type=AAAA लिहून पुढे डोमेन टाका, एकदा www शिवाय आणि एकदा www सकट. पत्ता आला की तो नवीन होस्टिंगच्या पॅनलमध्ये दिलेला आहे का बघा, नसेल तर डोमेनवाल्याकडे जाऊन तो रेकॉर्ड काढून टाका. नवीन होस्टिंग आयपीव्ही6 देत नसेल तर तो रेकॉर्ड नसलेलाच बरा, साइटला काही होत नाही. जुना पत्ता लोकांच्या नेटमध्ये काही तास, कधी दिवसभर टिकतो, तेवढा धीर धरा आणि मग मोबाइल डेटावर उघडून बघा. ते चाललं की ऑटो रिन्यू परत लावा, पण एकदाच, मुदत संपायला महिना राहिला असताना, आणि नापास झालं तर लगेच बटण दाबत बसू नका, नापास तपासण्यांनाही तासाची मर्यादा आहे. आतापर्यंत काय काय निघालंय ते सीआरटी डॉट एसएच या साइटवर डोमेन टाकलं की तारखांसकट दिसतं.

हाताने काढायची सवय मात्र सोडाच. मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टचा मेल यायचा तो 4 जून 2025 पासून बंद झालाय. आणि ब्राउजर कंपन्या व सर्टिफिकेट देणाऱ्यांनी मिळून ठरवलंय की 15 मार्च 2029 पासून कोणाचंही सर्टिफिकेट जास्तीत जास्त 47 दिवसांचं असेल. दीड महिन्याला टीएक्सटी रेकॉर्ड बदलत बसणं एकट्या माणसाला झेपणार नाही.

अजून एक, पत्रात शेवटी तुम्ही लिहिलंय की ग्रुपवर 'अॅडव्हान्स्ड दाबून पुढे जा' असा मेसेज टाकलात. तो मागे घ्या. तुमचे निम्मे सभासद साठीच्या पुढचे आहेत, ती लाल खूण दिसली की थांबायचं एवढं एक त्यांना कळलेलं असतं, उद्या बँकेच्या नावाने खोटी साइट आली तर तीच खूण त्यांना वाचवणार आहे. 'साइट दोन दिवस बंद आहे, पुस्तकासाठी फोन करा' एवढं पुरे.

प्रश्न: फुकट होस्टिंग, पुढे क्लाउडफ्लेअर (साइट बघणारा आणि होस्टिंग यांच्या मधे बसणारी सेवा). होस्टिंगवर 'फोर्स एचटीटीपीएस' (साध्या एचटीटीपीने आलेल्याला बंदिस्त एचटीटीपीएसवर पाठवणं) चालू केलं आणि साइट 'टू मेनी रिडायरेक्ट्स' म्हणून अडकली. बंद केलं की चालते. बंदच ठेवू का? साइटवर क्लासचा प्रवेश फॉर्म आहे.
(नाशिकहून एक वाचक)

उत्तर: नको. क्लाउडफ्लेअरमधलं तुमचं एसएसएल मोड (कुठपर्यंतचा रस्ता बंदिस्त ठेवायचा ते सेटिंग) फ्लेक्सिबलवर असणार. त्यात पालकाच्या फोनपासून क्लाउडफ्लेअरपर्यंत रस्ता बंदिस्त असतो, पण तिथून होस्टिंगपर्यंत सगळं उघड्यावर जातं. होस्टिंग म्हणतं एचटीटीपीएसने या, क्लाउडफ्लेअर परत साध्या एचटीटीपीनेच जातं, होस्टिंग परत तेच म्हणतं, आणि हे चालूच राहतं. फोर्स बंद केलं की फेरा थांबतो पण मुलांची नावं आणि पालकांचे नंबर त्या अर्ध्या रस्त्यावर उघडेच राहतात, आणि पालकांना ब्राउजरमध्ये मात्र सगळं सुरक्षित दिसतं, हे मला जास्त वाईट वाटतं. होस्टिंगवरही सर्टिफिकेट बसवा, लेट्स एन्क्रिप्टचं किंवा क्लाउडफ्लेअरचं ओरिजिन सर्टिफिकेट, ते फुकट असतं आणि 15 वर्षांपर्यंतचं मिळतं. मग मोड फुल स्ट्रिक्ट करा, म्हणजे होस्टिंगपर्यंतचा रस्ताही बंदिस्त होईल, आणि फोर्स सगळ्यात शेवटी. फक्त ओरिजिनवाल्यावर ब्राउजर विश्वास ठेवत नाहीत, त्यामुळे नंतर कधी क्लाउडफ्लेअरचा नारिंगी ढग बंद केलात (म्हणजे लोक थेट होस्टिंगवर जायला लागले) तर लगेच एरर दिसेल, तेव्हा घाबरू नका.

प्रश्न: माझी साइट सगळीकडे चालते, फक्त बाबांच्या जुन्या फोनवर सर्टिफिकेट एरर येतो. साइटचा दोष का फोनचा?
(डोंबिवलीहून एक वाचक)

उत्तर: आधी फोनची तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरली की जुने फोन कधी कधी काही वर्षं मागची तारीख धरतात आणि मग चांगलं सर्टिफिकेटही त्यांना 'अजून सुरू न झालेलं' वाटतं. तारीख बरोबर असेल आणि साइटवर लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट असेल तर अँड्रॉइड कितवं आहे ते बघा. 7.1.1 च्या आधीच्या अँड्रॉइडमध्ये लेट्स एन्क्रिप्टचं मूळ सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर फोन त्यांची बाकीची सर्टिफिकेटं मानतो) नाहीये, त्यांच्यासाठी जी जुनी जोड ठेवली होती तिची मुदत 2024 च्या सप्टेंबरमध्ये संपली. अशा वेळी साइटवर काहीही बदललंत तरी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट त्या फोनला पटणार नाही. त्या फोनवर बँकेचं काही करत असतील तर आधी ते थांबवायला सांगा.