माणूस आणि एल्फ (फँटसीतली माणसासारखी दिसणारी, पण शेकडो वर्षं जगणारी जमात) यांच्यातला द्वेष पटण्यासारखा लिहायचा तर आधी मोठं युद्ध दाखवावंच लागतं का?

नाही लागत. तुम्ही लिहिलंय की कादंबरीचं पहिलं प्रकरण म्हणजे दोन्ही जमातींमधली लढाई आहे. माझं स्पष्ट मत, ते काढून टाका. सुरुवातीलाच लढाई आली की पुढचा सगळा द्वेष हिशोबाचा होतो. त्यांनी आमचे मारले, आम्ही त्यांचे मारले. वाचक कोणाचं किती चुकलं ते ठरवतो आणि मोकळा होतो.

एल्फ आणि माणसांना एकमेकांबद्दल अढी बसायला आयुष्याच्या लांबीतला फरक पुरतो. आम्ही काही मित्रमैत्रिणी टेबलाभोवती बसून फँटसीचा खेळ खेळायचो, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं, तसा. माझं पात्र होतं जंगल राखणारी एल्फ. तिने एका गावाशी करार केला होता की ओढ्यापलीकडे कुऱ्हाड चालवायची नाही. त्याला दीडशे वर्षं झाली, तिच्या लेखी परवाची गोष्ट. ती परत येते तर झाडांच्या जागी शेतं. मी मुखियाला म्हटलं, "तुम्ही शब्द दिला होतात." मुखिया आमच्यातलाच एक जण खेळत होता. तो म्हणाला, "मी? माझ्या आजोबांचे आजोबा असतील ते. आणि आम्ही ओढा ओलांडलेलाच नाही, हा काय ओढा." त्याने नकाशावरच्या निळ्या रेघेवर बोट टेकवलं. मी पेन्सिल घेऊन गावाच्या बाजूला एक तुटक रेघ ओढली. "ओढा इथून वाहायचा. पुरात सरकला. हद्द सरकलेली नाही." तो म्हणाला, "मी जन्मल्यापासून ओढा इथेच आहे." आणि मग विचारलं, "माझं नाव काय?"

माझ्या पात्राला ते माहीत नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं. तिच्या दृष्टीने अख्खं गाव म्हणजे एकच माणूस, जो अधूनमधून चेहरा बदलतो आणि दिलेला शब्द विसरतो. मुखियाही कमी नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा एल्फ बघत होता आणि बेधडक म्हणाला, "तुम्ही एल्फ सगळे सारखेच, जमीन म्हटली की तुमची." कोणी खोटं बोलत नव्हतं, ओढा खरंच सरकला होता, आणि तरी दोघंही समोरच्याकडे बघायला तयार नव्हते. इतका चांगला प्रसंग आमच्या त्या खेळात परत कधी आला नाही.

खेळ चालवणाऱ्या मित्राला तो पटला नाही. "एवढ्यावरून कोणी द्वेष करत नाही," म्हणून त्याने तिथल्या तिथे जुनं हत्याकांड घुसवलं. एल्फांनी म्हणे पूर्वी हेच गाव जाळलं होतं. झालं. मुखियाच्या रागाला आयतं कारण मिळालं, माझ्या पात्राला न केलेल्या गुन्ह्याची माफी मागावी लागली, पुढे फासे टाकून मारामारी, आणि ओढा राहिला बाजूला. त्या मित्राचं अजूनही म्हणणं आहे की मोठ्या द्वेषाला मोठं कारण लागतं. मला ते तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारा टोलकिन बघा. त्याच्या जगात एल्फ आणि माणसं बहुतेक वेळा एकाच शत्रूशी लढत असतात. तरी 'सिल्मारिलियन'मध्ये (१९७७) एल्फ राजा थिंगोलच्या घरी जेवायला बसलेल्या तूरिन या माणसाला साएरोस हा एल्फ डिवचतो. हिथलुमचे पुरुष एवढे रानटी, मग तिथल्या बायका काय नुसत्या केसांनी अंग झाकून हरणांसारख्या धावतात? तूरिनची आई आणि बहीण त्याच मुलखात शत्रूच्या कचाट्यात आहेत. तो पेला फेकून मारतो, आणि प्रकरण वाढत वाढत साएरोसच्या मरणापर्यंत जातं. थिंगोलच्या लोकांनी आणि तूरिनच्या लोकांनी एकमेकांची गावं जाळलेली नव्हती.

त्याहून झोंबणारा प्रसंग टोलकिनच्याच, १९९३ साली छापल्या गेलेल्या 'मॉरगॉथ्स रिंग'मध्ये आहे. फिनरॉड हा माणसांचा सगळ्यात सच्चा एल्फ मित्र. आंद्रेथ ही मानवी विदुषी तरुणपणी त्याच्या भावावर प्रेम करत होती, तो तिला सोडून गेला, आता ती म्हातारी झाली आहे. फिनरॉड तिला मायेने समजावतो. युद्धाच्या काळात आमच्यात लग्नं होत नाहीत, शिवाय दुःखद शेवटापेक्षा अपुरी पण सुंदर आठवण त्याला जास्त प्रिय आहे. त्याच्या मनात तिच्याबद्दल तिरस्काराचा लवलेश नाही, पण तिचं म्हातारपण हे तिचं जगणं आहे, एखाद्या चांगल्या आठवणीला लागलेला डाग नाही, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. असा एक संवाद लिहिता आला तर लढाईची गरजच पडणार नाही.

भीतीही अशीच आतून आणा. 'ड्रॅगन एज' या व्हिडिओ गेमच्या जगात एल्फांना भीती असते, कारण माणूस आणि एल्फ यांचं मूल माणसासारखंच जन्मतं. तिथे कोणी कोणाला मारलं नाही तरी प्रत्येक मिश्र लग्नात एल्फांची एक पिढी कमी होते. एवढा एक नियम ठरवला की सासर, माहेर, शेजार, सगळीकडे आपोआप ठिणग्या पडतात.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. जिथे जमीनच हिसकावली गेली आहे तिथे युद्ध लपवणं खोटेपणाचं होईल. खेळ चालवणारा तो मित्र नेहमी पोलिश लेखक सापकोव्हस्कीचा दाखला देतो, आणि त्याच्या 'विचर' कथांच्या जगात एल्फ खरंच हरलेले, हुसकावलेले आहेत. पण मित्राने सापकोव्हस्कीच्या 'द लास्ट विश'मधली (१९९३) डोंगरातल्या एल्फांची कथा नीट वाचावी. तिथे लढाई मागे कधीतरी होऊन गेलेली आहे. समोर दिसतात ते उपाशी एल्फ. शेती त्यांनी कधी केलेली नाही, म्हणून माणसांच्या गावातून चोरून बी-बियाणं आणवतात. कथेचा नायक गेराल्ट, पैसे घेऊन राक्षस मारणारा, त्यांच्या म्होरक्याला, फिलावांड्रेलला, सांगतो की माणसांबरोबर राहायला शिका. फिलावांड्रेल नाही म्हणतो. तुमच्या कादंबरीत लढाई हवीच असेल तर तीही अशीच मागे ठेवा, आणि पहिल्या प्रकरणात हा नकार लिहा.