वाचकांचे प्रश्न : इतके चांगले नट असूनही मालिका फसली कशी?

प्रश्न : नेटफ्लिक्सवरील ‘किलर सूप’ ही मालिका आम्ही घरच्या मंडळींनी नुकतीच पाहून संपवली. कोंकणा सेनशर्मा, मनोज वाजपेयी, नासर आणि आपले सयाजी शिंदे असे कलावंत आणि दिग्दर्शनाला ‘इश्किया’चे अभिषेक चौबे, त्यामुळे अपेक्षा मोठी होती. पहिले दोन भाग मजेत गेले. पुढे मात्र एकेक जण उठून जाऊ लागला आणि शेवटचा भाग मी एकट्यानेच पाहिला. आमच्या नाट्यमंडळातील तरुण मुले म्हणतात, की डार्क कॉमेडी कळायला वेगळी नजर लागते. कालिदास कलामंदिरात नाटके पाहून घडलेली आमची रुची जुनी झाली, की मालिकाच फसली?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपली रुची जुनी झालेली नाही. मालिकाच फसली आहे, आणि ती कुठे फसली हे बऱ्यापैकी नेमके दाखवता येते. (ज्यांनी ती अजून पाहिलेली नाही त्यांनी पुढे वाचू नये, कारण कथानक उघड केल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.)

जानेवारी 2024 मध्ये आलेल्या या आठ भागांच्या मालिकेचा ऐवज मुळात उत्तम होता. मैंजूर नावाच्या काल्पनिक गावात राहणाऱ्या स्वाती शेट्टीला स्वतःचे हॉटेल काढायचे आहे, पण तिने केलेले पाया सूप कोणाच्या घशाखाली उतरत नाही. नवरा प्रभाकर थोरल्या भावाच्या पैशावर मोठमोठे बेत रचतो. आणि तिचा प्रियकर उमेश दिसायला हुबेहूब नवऱ्यासारखा आहे, फक्त त्याचा एक डोळा तिरळा आहे. नवरा मरतो आणि प्रियकर त्याच्या जागी येऊन बसतो. यामागे 2017 साली तेलंगणात घडलेल्या एका गुन्ह्याची सावली आहे. तेथे पत्नीने आणि तिच्या प्रियकराने पतीचा खून केला, प्रियकराचा चेहरा ॲसिडने भाजवून तोच पती असल्याचे घरच्यांना भासवले, आणि रुग्णालयात त्याने मटणाचे सूप नाकारले, कारण तो शाकाहारी होता. घरच्यांना संशय आला तो तेव्हापासून. माणूस स्वतःचा चेहरा जाळून घ्यायला तयार होतो आणि वाटीभर सूप मात्र त्याला गिळवत नाही, यातच हसू आणि भीती दोन्ही आहेत. लेखकांना वेगळे काही शोधायला जाण्याची गरज नव्हती.

तरीही ते शोधायला गेले. परक्या माणसाच्या घरात त्याचाच चेहरा घेऊन राहणाऱ्या उमेशपुढे रोजची किती संकटे आहेत, याचा विचार करून पाहावा. सही कशी करायची, थोरल्या भावाशी कोणत्या सुरात बोलायचे, मुलासमोर काय खायचे, जुन्या मित्राने आठवण काढली तर कुठे हसायचे, यांतल्या प्रत्येक प्रसंगात पकडले जाण्याचा धोका आहे आणि म्हणूनच विनोदही आहे. मालिका या प्रसंगांना उभ्या उभ्या भेटून पुढच्या योगायोगाकडे आणि पुढच्या मृत्यूकडे धावते. गुप्तहेर आला, ब्लॅकमेल आले, भावाचा पैशांचा घोळ आला. आणि प्रेत एकामागून एक पडू लागली की प्रेक्षकाला पुढच्या प्रेताचे काही वाटेनासे होते. भीती संपली की तिच्या जोडीचा विनोदही संपतो, आणि आपल्या घरची मंडळी उठून गेली ती बहुधा याच टप्प्यावर.

याला अपवाद आहे तो नासर यांनी केलेल्या इन्स्पेक्टर हसनचा. निवृत्तीला टेकलेल्या या अधिकाऱ्याचा तरुण सहकारी थुपल्ली तपासादरम्यान मरतो आणि नंतर हसनला तो दिसू लागतो, त्याच्याशी बोलू लागतो. संपूर्ण मालिकेत ज्याचे ओझे कोणीतरी वाहते असा हा जवळजवळ एकच मृत्यू आहे, आणि तेथे मालिका काही काळ खरोखर उंच जाते. कोंकणा सेनशर्मा यांनीही स्वातीचा भाबडा हावरटपणा फार बारकाईने रंगवला आहे. नटांकडे बोट दाखवण्यासारखे काहीच नाही.

काही परीक्षकांनी दोष लांबीला दिला. तो मला पटत नाही. ‘फार्गो’ मालिकेचे 2014 मधील पहिले पर्व तर दहा भागांचे आहे. त्यात लेस्टर नायगार्ड हा गरीब स्वभावाचा विमा विक्रेता पहिल्याच भागात रागाच्या भरात बायकोला हातोडीने मारतो आणि त्यानंतरचे नऊ भाग त्या कृत्याची वसुली होत राहते. तेथेही माणसे पुष्कळ मरतात, पण कथा लेस्टरला मोकळे सोडत नाही.

तरुण मित्रांना एवढे जरूर सांगावे, की प्रेत समोर ठेवून हसण्याची सवय मराठी प्रेक्षकाला नवी नाही. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये मेलेले भाऊराव उठून स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतात, आणि ते नाटक 1974 चे आहे. हिंदीत ‘जाने भी दो यारो’ 1983 मध्ये आला. त्यात कमिशनर डिमेलोचे प्रेत थेट महाभारताच्या नाटकात जाऊन पोहोचते आणि आपण पोट धरून हसतो. तरी भ्रष्टाचारामुळे कोसळलेला पूल लेखकाच्या मनातून एक क्षणही गेलेला नसतो, म्हणूनच शेवटी त्या पुलाच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या दोन निरपराध छायाचित्रकारांनी गळ्यावरून फिरवलेला हात आपल्याला झोंबतो. मुलांनी या दोन्ही कृती पाहाव्यात आणि मग नजरेची चर्चा करावी.

प्रश्न : ज्या खुनात एका कुटुंबाचा माणूस खरोखर गेला, त्यावर विनोदी मालिका काढणे आपल्याला योग्य वाटते का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नावे, गाव आणि व्यवसाय बदलले असतील आणि हसू गुन्हेगाराच्या अतिशहाणपणाचे असेल, तर मला ते योग्य वाटते. मेलेल्या माणसाचे हसू होऊ लागले की मी आपल्या बाजूला येईन. ‘किलर सूप’ने येथे सोपी वाट धरली आहे. प्रभाकर हा इतका लबाड आणि बाहेरख्याली दाखवला आहे, की त्याच्या जाण्याने प्रेक्षकाला काही टोचू नये. त्या घरात त्याच्यासाठी बराच काळ कोणी रडतही नाही, कारण तो गेला आहे हेच कोणाला ठाऊक नसते. या एका गोष्टीवर लेखकांनी अख्खा एक भाग खर्च केला असता, तर आपला आक्षेप कदाचित उरला नसता.